डिप्लॉयमेंटवरचा चॅप्लेन आणि घरी राहिलेला मुलगा

नमस्कार. तुमचा प्रश्न परवा वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तोच घोळतोय. तुम्ही लिहिलंय की संस्कृतात एमए झालंय, अमेरिकेत जाऊन पुढचं शिकून तिथल्या आर्मीत हिंदू चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, व्हायचा विचार आहे, बायको आणि ९ वर्षांची मुलगी बरोबर असेल, आणि डिप्लॉयमेंटवर, म्हणजे घरापासून लांबच्या तैनातीवर, रोजचं काम नेमकं काय असतं ते कुणीतरी सांगा. मी ते केलंय, ९ महिने, कुवेतच्या वाळवंटात, कॅम्प ब्यूरिंग या अमेरिकन तळावर. सिटिझनशिप, वय, फिटनेस टेस्ट हे सगळं रिक्रूटर सांगेलच, त्यात मी जात नाही.

कागदांचं मात्र सांगतो कारण त्यात माझे १४ महिने गेले. ७२ क्रेडिटचं ग्रॅज्युएट शिक्षण आणि धार्मिक संस्थेचं एंडॉर्समेंट, म्हणजे अधिकृत शिफारस, लागतं हे तुम्ही वाचलंच असेल. हिंदूंसाठी ही वाट २०११ मध्ये उघडली, प्रतिमा धर्म पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या, चिन्मय मिशन वेस्टने त्यांना एंडॉर्स केलं होतं. माझं घोडं अडलं ते नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, एका सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव पूर्ण तर दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि प्रत्येक ऑफिसला वाटायचं ही तीन वेगळी माणसं आहेत. निघायच्या आधी सगळीकडचं नाव एकसारखं करून घ्या, मग बाकीचं बघा.

आता काम. तुमच्या डोळ्यासमोर पूजा, प्रवचन, गीता असेल तर ते आठवड्यातला एखादा तास. माझ्याकडे हिंदू म्हणून नियमित येणारे चार जण होते आणि बटालियन होती सहाशेच्या आसपास. नियम असा की जे स्वतः करता येतं ते करायचं आणि जे येत नाही त्याची सोय करून द्यायची, म्हणजे कॅथलिक पोराला मास, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, हवा असेल तर दुसऱ्या युनिटचा फादर शोधून आणायचा, ज्यू सैनिकाला सणाचं सामान वेळेत मिळतंय ना ते बघायचं. उरलेला सगळा दिवस माणसांत. सकाळी मोटर पूलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आवारात, रणगाड्याखाली झोपून काम करणाऱ्यांशेजारी उकिडवं बसायचं, दुपारी ऑफिसात एकामागून एक माणूस, रात्री दोन वाजता गार्डवर उभ्या असलेल्यांकडे चक्कर. देवाबद्दल फार थोडे विचारतात. बायको फोन उचलत नाही, सार्जंट छळतो, झोप येत नाही, हेच जास्त.

चॅप्लेनकडे हत्यार नसतं. १९४९ च्या जिनिव्हा करारात त्याला न लढणारा मानलंय आणि अमेरिकन आर्मी ते काटेकोर पाळते. बरोबर एक असिस्टंट असतो, रायफल त्याच्याकडे. माझा असिस्टंट २३ वर्षांचा होता, कुणी आत बोलायला आलं की तो दाराबाहेर खुर्ची टाकून, रायफल मांडीवर ठेवून बसायचा आणि तास झाला तरी कुणाला आत सोडायचा नाही. त्याच्याइतका विश्वास मी त्या ९ महिन्यांत दुसऱ्या कुणावर टाकला नाही.

सगळ्यात जड गोष्ट म्हणजे रेड क्रॉसचा मेसेज. सैनिकाच्या घरी कुणी वारलं की कुटुंब रेड क्रॉसला कळवतं, ते खात्री करून युनिटला कळवतात, आणि मग कमांडर तुम्हाला बोलावतो. एका मुलाची आई गेली होती. तो टेबलावर रायफलचे भाग काढून फडक्याने पुसत बसला होता. मी आधी त्याच्या सार्जंटला ते सगळं उचलून बाजूला न्यायला सांगितलं, तेवढ्यानेच त्याला कळलं. पहिला प्रश्न त्याने विचारला, "मग कुत्र्याला खायला कोण घालतंय?" मी म्हटलं, बघतो, आणि खरंच फोन लावून शेजारणीला विचारलं. मग त्याला विचारलं की आई कुठली प्रार्थना म्हणायची. तो बॅप्टिस्ट ख्रिश्चन, म्हणाला बायबलमधलं स्तोत्र २३. मी वाचलं. मला त्यात काहीच परकं वाटलं नाही आणि त्यालाही नाही. तुमची संस्कृतची एमए त्या क्षणी बाजूला राहते, तुम्ही किती वेळ शांत बसू शकता तेवढंच उरतं.

दुसरं, गोपनीयता. आर्मीत चॅप्लेनला सांगितलेलं पूर्ण गुप्त, अगदी जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तरी त्याच्या परवानगीशिवाय कमांडरला सांगता येत नाही. मग त्याला पटवायचं, त्याच्याबरोबर चालत डॉक्टरच्या दारापर्यंत जायचं, आत गेल्यावरही बाहेर थांबायचं. हे सगळं पोटात ठेवून रात्री घरी व्हिडिओ कॉल करायचा आणि बायको विचारते आज काय केलंस, तर सांगण्यासारखं काहीच नसतं. एकटेपणा हाच, बाकी लोक म्हणतात ते वाळवंट, ऊन वगैरे महिनाभरात सवयीचं होतं.

माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. मी निघायच्या दोन महिने आधी आमची बदली झाली, नवीन शाळेने जुने रेकॉर्ड आले नाहीत म्हणून त्याला गणिताच्या खालच्या गटात टाकलं, जे तो आधीच शिकला होता. बायको तीनदा जाऊन आली, दरवेळी नवीन फॉर्म. मी तिकडून मेल लिहायचो, उत्तर आठवड्याने. परत आल्यावर मला कळलं की लष्करी कुटुंबांच्या मुलांसाठी सगळ्या राज्यांनी मान्य केलेला करार आहे, जुन्या शाळेत तो ज्या वर्गात होता तोच आधी द्यावा लागतो, आणि बेसवर यासाठी स्कूल लिएझन ऑफिसर, म्हणजे शाळा आणि लष्करी कुटुंबांमधला दुवा, असतो. इतर सैनिकांच्या मुलांसाठी मी तासन्‌तास फोनवर बसायचो आणि स्वतःच्या मुलासाठी हे एक विचारलं नाही. त्या वर्षी तो गणितात गप्प झाला तो झालाच. आता कॉलेजात आहे, इतिहास घेतलाय, आनंदात आहे, पण शाळेतल्या त्या वर्षाचा विषय निघाला की मी खोलीतून उठून जातो.

म्हणून डिप्लॉयमेंटची तारीख कळली की पहिला फोन त्या लिएझन ऑफिसरला करा, मुलीच्या रेकॉर्डची एक प्रत स्वतः हातात न्या, पॉवर ऑफ अॅटर्नीवर शाळेचा उल्लेख स्पष्ट करून घ्या. आणि तुमचं ऐकणारा एक चॅप्लेन, दुसऱ्या युनिटचा, आधीच ठरवून ठेवा. मी पाचव्या महिन्यात शोधला, तो एक म्हातारा कॅथलिक फादर होता, आणि त्याच्यासमोर मी मुलाबद्दल पहिल्यांदा बोललो. इंग्रजीत बोललो, मराठीत मला ते अजून कुणाला सांगता आलं नव्हतं, आज लिहितोय.

मुलगी सध्या कितवीत आहे आणि शिक्षणाला किती वर्षं धरलीत ते कळवा. पहिली पोस्टिंग तिच्या कुठल्या इयत्तेत येते ते बसून मोजू.