काळा ठिपका म्हणजे चांदीच असे नव्हे

इंदूर

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

चांदीचे नॅनोकण जिवाणूंच्या आत शिरतात का, हे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पाहण्याचा तुझा बेत वाचला. खंडवा रोडवरच्या संशोधन कन्सॉर्टियममध्ये (यूजीसी-डीएई) मायक्रोस्कोपचा वेळ मागण्याआधी नमुन्यांचा पुन्हा विचार कर. यंत्राची चिंता नको. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर असते आणि चांदीच्या स्फटिकातील अणूंच्या ओळीही दिसू शकतात.

इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून पेशी ग्लुटरअल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिर करून, रेझिनमध्ये बसवून, त्यांचे ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप घ्यावे लागतात. पेशी हलक्या मूलद्रव्यांची असल्याने ती फिकट दिसते, म्हणून आपण युरेनिल ॲसिटेट आणि लेड सायट्रेट या जड धातूंच्या क्षारांनी काप रंगवतो. फसगत होते ती इथेच. फॉस्फेट बफर नीट धुतला गेला नाही, तर युरेनियमचा साका बसतो. लेड सायट्रेटला हवेतील कार्बन डायऑक्साइड लागला, तर लेड कार्बोनेटचे कण तयार होतात. आणि हे दोन्ही चित्रात चांदीइतकेच काळेभोर दिसतात. अशा ठिपक्यांवर बाण काढून ‘पेशीत शिरलेली चांदी’ असे लिहिलेली चित्रे मला मुळीच पटत नाहीत.

म्हणून चांदी न दिलेल्या जिवाणूंचे रंगवलेले काप आणि चांदी दिलेल्या जिवाणूंचे न रंगवलेले काप, दोन्ही हवेतच. दुसऱ्यात पेशी अंधूक दिसेल, पण कण दिसतील. त्यांच्यात अणूंच्या ओळींमधले, चांदीचे ०.२३६ नॅनोमीटरचे अंतर मोजता आले आणि क्ष-किरण वर्णपटात चांदीची शिखरे आली, तर दावा उभा राहतो. (तांब्याचे शिखर पाहून चकित होऊ नकोस, काप ज्या तांब्याच्या जाळीवर ठेवतात तिचे ते असते.) कण पेशीच्या आत आहे की कापाच्या पृष्ठभागावर चिकटलेला, हे सपाट छायेवरून ठरत नाही, नमुना वेगवेगळ्या कोनांत कलवून बघावे लागते.

शिवाय एका चित्रात मावणारी अर्ध्या मायक्रॉन बाजूची चौकट म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीचा जवळपास तीन कोटींवा भाग. तेव्हा आधी कमी वर्धनावर सगळे काप पाहा, कोणत्या चौकटी घ्यायच्या ते तिथेच ठरव, आणि नंतर देखणी पेशी सापडली म्हणून ठरवलेल्या चौकटी सोडू नकोस.

वेळ कमी पडला की तुलनेचे नमुने वगळले जातात, म्हणून यादीत ते पहिले लिही.

कळावे.
तुझे सर