उन्हाळी शिबिरात मदतनीस म्हणून पहिली इंटर्नशिप मिळालीय, शिकवायचा अनुभव शून्य आहे, लातूरला बी.एस्सी.ला आहे, घ्यावी का?

घे बिनधास्त, मदतनीसाकडून लेक्चरची अपेक्षा कोणी करत नाही, साहित्य वाटणं, मागं बसलेल्या लेकरांकडं लक्ष देणं आणि एखादा प्रयोग करून दाखवणं एवढंच काम जास्त असतं. मी तीन उन्हाळे अशा शिबिरांत काम केलंय त्यावरून सांगतो, पहिल्या दिवशी पोरं तुझं ज्ञान नाही बघत, तू नावानं हाक मारतो का ते बघतात, त्यामुळं आधी नावं पाठ कर. आणि बोलायचं कमी, हातात काहीतरी द्यायचं. दोन-तीन गोष्टी तयार ठेव:

- लिंबू आणि खायचा सोडा, बाटलीच्या तोंडाला फुगा लावून
- बुटाच्या खोक्याचा पिनहोल कॅमेरा
- शून्य सावली. लातूरला 13 मे च्या आसपास दुपारी सव्वाबारा-साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या पाइपची सावलीच गायब होते, पोरं वेडी होतात (टोप्या आणि पाणी सोबत ठेव, आपल्याकडचं मे मधलं ऊन माहितीये ना, पाच मिनिटांत सावलीत आणायचं)

फक्त क्रेडिटसाठी करत असशील तर आधी कॉलेजात विचार, यूजीसीच्या हिशोबानं इंटर्नशिपचा 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, रोज 3 तासांचं 15 दिवसांचं शिबिर 45 तासच भरतं, आणि आधी लेखी परवानगी नसली तर नंतर सर्टिफिकेट दाखवून बऱ्याचदा काही उपयोग होत नाही.