ब्रेक ऑइल जातं कुठं?

प्रश्न : काका, माझ्या वडिलांची १९७१ सालची एमजीबी आहे, इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स गाडी, उघड्या टपाची, हिरवी. ते गेल्यावर आठ वर्षं ती आमच्या शेडमध्ये उभी होती. यंदा दिवाळीनंतर मी चालू करून घेतली. इंजिन छान बोलतं, पण ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय. पंधरा दिवसांत बाटलीतलं ब्रेक ऑइल बोटभर उतरतं आणि चारही चाकांखाली फरशीवर एक थेंब दिसत नाही. सकाळी सुरू केली की पांढरा धूर येतो. एका गॅरेजमध्ये सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय, आणि सर्वो, म्हणजे ब्रेक हलका करणारा बूस्टर, वेगळा बदलावा लागेल. सर्वो नवीन मागवू, की आत नव्या रबरांचं किट टाकून तोच ठेवू? वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलेला आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी गाडी बाहेर काढणं बंद करा. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नको. पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर, म्हणजे मास्टर सिलिंडर, त्यातून एकच नळी निघत असेल, तर चारही चाकांचा ब्रेक त्या एका नळीवर आहे. सर्वोमधलं रबर पूर्ण फाटलं की पेडल खाली जाईल आणि हातात फक्त हँडब्रेक उरेल.

आता तुमचं ऑइल. कडक पेडल, उतरणारी बाटली, कोरडी फरशी आणि पांढरा धूर या चार गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात, पण माझ्या मते हा एकच रोग आहे. ऑइल इंजिन पितंय.

ते कसं, ते सांगतो. आजच्या गाड्यांत हा बूस्टर, म्हणजेच सर्वो, पेडलला चिकटून असतो. तुमच्या गाडीत तो मास्टर सिलिंडरपासून लांब, ब्रेकच्या नळीच्या वाटेवर बसवलेला आहे. त्याचे दोन भाग : एक पत्र्याचा गोल डबा, आणि त्याच्या तोंडाला जोडलेला लहान सिलिंडर. डब्यात रबराचा डायफ्राम. इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा भाग, एका जाड नळीने डब्यातली हवा ओढून घेतं, त्यामुळे डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो आणि तो जागेवर स्वस्थ बसतो. तुम्ही पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने एक छोटी झडप उघडते, बाहेरची हवा डायफ्रामच्या एका बाजूला शिरते आणि त्याला ढकलते. तो दांडा ढकलतो, दांडा सिलिंडरमधला पिस्टन. डबा १८ सेंटिमीटरचा धरला तर डायफ्रामचं क्षेत्रफळ होतं साधारण २५० चौरस सेंटिमीटर. ४५० मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूमवर त्याला दीडशे किलोच्या आसपास धक्का मिळतो. पायाला हलकं वाटतं ते यामुळे.

दांडा सिलिंडरमध्ये शिरतो तिथे एक रबरी सील असतं. त्याच्या अलीकडे व्हॅक्यूम, पलीकडे ब्रेक ऑइल. गाडी आठ वर्षं उभी राहिली की ऑइलमध्ये ओलावा मुरतो, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे पडतात आणि पहिल्याच दाबांत ते खड्डे रबराला कापतात. मग ऑइल डब्यात झिरपतं, तिथून व्हॅक्यूमच्या नळीने मॅनिफोल्डमध्ये, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन बाहेर. फरशी कोरडीच राहणार.

खात्री दहा मिनिटांत होते. इंजिन बंद ठेवा, व्हॅक्यूमची जाड नळी सर्वोकडून काढा आणि बोट आत घाला. बोट ऑइलने ओलं झालं की दोषी सापडला. हेड गॅस्केट गेलं की रेडिएटरचं पाणी इंजिनात जाऊन धूर होतो; ते पाणी कमी होत नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. उगाच हेड उतरवून बसलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

एरवीही सर्वो तपासायची एक सोपी रीत आहे, ती घरी करता येते. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर सर्वो जिवंत आहे. जागचं हललं नाही तर नळी, मॅनिफोल्डकडची एकेरी झडप आणि डायफ्राम या क्रमाने बघायचं. व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर लक्षात असू द्या, पुस्तकातला १८ ते २० इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे दीड इंच कमी दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

बदलायचा की तोच ठेवायचा, हे आत्ता तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. बोअर ठरवेल. सर्वो उतरवा, बाहेरून स्वच्छ धुवा आणि उघडण्याआधी डबा आणि झाकणावर एका रेषेत खूण करा. आत जाड स्प्रिंग दबलेला असतो, म्हणून झाकण दोघांनी मिळून सोडवायचं. सिलिंडर मोकळा झाला की आत बॅटरी मारा आणि नख फिरवा. नख कुठेच अडकत नसेल तर हलका होन, म्हणजे बारीक दगडाने आतून घासणं, आणि नवीन किट, काम झालं. नख अडकलं तर नुसतं किट टाकू नका. नवीन रबर त्याच खड्ड्यावर घासणार आणि चार महिन्यांत तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिणार. अशा वेळी बोअरमध्ये स्लीव्ह, म्हणजे पातळ नळीचं अस्तर, मारायची, पितळेची किंवा स्टेनलेसची. पितळ कातायला सोपं, गंजत नाही. मी बहुतेक वेळा पितळच वापरतो.

स्लीव्हसाठी तुम्हाला मुंबई-पुणे करायची गरज नाही, हे मला आनंदाने सांगायचंय. आपल्या गावात यंत्रमागाचे सुटे भाग कातणारे लेथवाले आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चौकशी करा. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे त्यांच्या हाताला कळतं. फक्त दोन गोष्टी त्यांना समोर बसून सांगा. सिलिंडरच्या अंगाला ऑइलची जी बारीक भोकं आहेत ती स्लीव्हमध्ये त्याच जागी पाडायची, आणि भोकाच्या कडेला आतून बर, म्हणजे धातूची धारदार कड, राहू द्यायची नाही. ती कड रबराला ब्लेडसारखी कापते. शेवटचं माप लेथवर नाही, होन करून आणायचं. डायफ्राम मात्र ऑइल प्यायलेला असेल तर तो बदलाच, त्यात वाद नाही.

डबा फुटका, गंजून चाळणी झालेला असेल तरच नवीन मागवा. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच लाखांहून जास्त, म्हणून इंग्लंडमध्ये किट आणि अख्खे सर्वो दोन्ही मिळतात. तुमचं इंजिनही आपल्या अँबॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या घराण्यातलं, बी-सीरीजचं आहे, तेव्हा जुन्या मिस्त्रींना ते परकं वाटणार नाही. किट मागवताना गाडीचं नाव सांगून थांबू नका. सर्वोवरची पट्टी वाचा, बोअर मोजा आणि मग ऑर्डर द्या. पन्नास वर्षांत कुणी काय बसवलं असेल ते पट्टीवरूनच कळतं.

आता स्वच्छतेबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गाडीची ब्रेकची रबरं रॉकेलमध्ये धुतली. सगळे सुटे भाग रॉकेलमध्येच धुवायचो, ही पण धुतली. गाडी दुपारी मालकाला दिली. ते घरच्यांना घेऊन अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघाले. वळसंगच्या पुढे ब्रेक धरले ते सुटेचनात. रबर फुगलं, मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलं गेलं, ऑइल मागे येईना, ड्रममधून धूर. गाडीत दोन लहान मुलं होती. कुणाला काही झालं नाही. उस्ताद मला सोबत घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेला चाकाजवळचं ऑइल सोडायचं निप्पल सैल करून त्यांनी दाब काढला. एक शब्द बोलले नाहीत. ती दोन मुलं बाभळीखाली बसून माझ्याकडे बघत होती, ते अजून दिसतं.

म्हणून ब्रेकच्या रबराला रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागू द्यायचं नाही. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने. बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस. सीलची ओठाची बाजू दाबाकडे.

आणि हे खास आपल्या गावासाठी. टॉवेलच्या कारखान्यातलं सुती वेस्ट सोलापुरात पोत्याने मिळतं आणि प्रत्येक गॅरेजमध्ये हात पुसायला तेच असतं. सर्वो उघडला की ते दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याचा एक तंतू हवेच्या झडपेखाली गेला की झडप पूर्ण बसत नाही आणि ब्रेक थोडे धरलेलेच राहतात. धुतलेल्या जुन्या धोतराचं फडकं घ्या, त्याची लव सुटत नाही. हवेच्या झडपेवर छोटी जाळी असते, तीही बदला. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ ती महिन्यात भरून टाकते.

जोडताना व्हॅक्यूमची नळी नवीन टाका, जुनी आतून ऑइलने फुगलेली असते. पेट्रोलची नळी चालत नाही, व्हॅक्यूमने चपटी होते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना इंजिन बंद, पेडल दाबून व्हॅक्यूम संपवलेला, लांबच्या चाकापासून सुरुवात. मग रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी बाटलीची पातळी बघा आणि चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. सगळं ठीक असेल तर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, हळू. तुळजापूरचा घाट शेवटी, आणि तोही आधी बाकीच्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर झाल्यावर.

प्रश्न : आमच्याही एमजीबीचा सर्वो गेला आहे. मिस्त्री म्हणतात, छोट्या मारुतीचा बूस्टर बसवू, कायमची कटकट जाईल. बसवू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. तो बूस्टर पेडल आणि मास्टरच्या मध्ये बसतो, म्हणजे बॉडीचा पत्रा कापावा लागेल. त्याची ताकद तुमच्या डिस्क आणि मागच्या ड्रमशी जुळवलेली नाही. मागची चाकं आधी लॉक झाली तर पावसात गाडी फिरेल. शिवाय २०२१ च्या नियमाने ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर घ्यायचा असेल, तर चॅसी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही.

किट यायला वेळ असेल तर सर्वो बाजूला काढून दोन नळ्या जोडा, नीट जोडणीने, तोंडं फ्लेअर करून म्हणजे रुंदावून, आणि हवा काढा. व्हॅक्यूमच्या नळीचं मॅनिफोल्डकडचं तोंडही बंद करा, नाहीतर इंजिन हवा ओढेल. एमजीबी सुरुवातीची कित्येक वर्षं सर्वोशिवायच निघत होती. पाय जास्त दाबावा लागेल, पण थांबेल.

प्रश्न : गाडी वर्षातले दहा महिने उभीच असते. सिलिकॉनचं डॉट ५ ऑइल भरू का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सगळी रबरं नवीन टाकून, सगळ्या नळ्या कोरड्या करून भरणार असाल तर विचार करा. जुन्या ऑइलमध्ये मिसळायचं मुळीच नाही. डॉट ५.१ हे वेगळं, ते साध्या ऑइलच्याच जातीचं. मी स्वतः डॉट ४ भरतो आणि गाडी चालो वा उभी राहो, दर दोन वर्षांनी बदलतो. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. भरताना मडगार्डवर जुनी चादर पसरा, एका थेंबाने रंग उचलून येतो.