पत्त्यांचे प्रश्न : कलर मोठा की सीक्वेन्स?

पोळा जवळ आला की गावोगावी पत्ते निघतात आणि माझ्याकडे प्रश्न येतात. मांडवी नदीतल्या एका कॅसिनोत मी काही वर्षं पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले. आता यवतमाळ जिल्ह्यात घरची शेती बघतो.

आम्ही चौघं गोव्याला गेलो होतो. पोकरमध्ये माझी पंजी ते नव्वी अशी सीक्वेन्स लागली, समोरच्याचा नुसता बदामाचा कलर. तरी डीलरनं सगळ्या चिप्स त्याच्याकडे सरकवल्या. मला फसवलं का? (दारव्हा)

फसवलं नाही. तीन पत्तीच्या सवयीनं तुमचा घात केला. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीचे पत्ते) कलरच्या (सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे पत्ते) वर, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सच्या वर. कारण साधं आहे : जे कमी वेळा येतं ते मोठं. बावन पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यात साधी सीक्वेन्स ७२० वेळा, कलर १,०९६ वेळा. पोकरचा हात पाच पत्त्यांचा, त्याचे प्रकार २५,९८,९६०. त्यात साधी सीक्वेन्स १०,२०० वेळा आणि कलर ५,१०८ वेळा, म्हणजे निम्माच. एकाच रंगाचे पाच पत्ते जमवणं फार अवघड जातं. (तीन पत्तीत हा हिशेब एका ठिकाणी मोडतो. ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, ५२ प्रकारांनी येते, प्युअर सीक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची, ४८, तरी मान ट्रेलला.)

दुसरा घोळ ‘ब्लाइंड’ या शब्दाचा होतो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. गोव्यात जास्त चालणाऱ्या टेक्सस होल्डेममध्ये पत्ते वाटण्याआधी दोघांना पैसे टाकावेच लागतात, त्या रकमेला ब्लाइंड म्हणतात. मग प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मधे तीन उघडतात, मग एक, मग आणखी एक. त्यांची नावं फ्लॉप, टर्न, रिव्हर. या सातांतले उत्तम पाच तुमचे. टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते दिसले की आपल्या सीक्वेन्सवर पैसे वाढवण्याआधी दोनदा विचार करा.

कॅसिनोशी खेळून कुणी जिंकत नाही म्हणतात. मग पोकरवाले कसे जिंकतात? (आर्णी)

पोकरमध्ये कॅसिनो तुमच्याशी खेळतच नाही, तुम्ही शेजारच्याशी खेळता. रूलेटमध्ये मात्र कॅसिनोच समोर असतो. शून्य धरून ३७ घरं आणि एका आकड्यावर मिळतात ३५ पट. ही फट म्हणजेच त्यांची कमाई.

पोकरमध्ये कमाई नालेची, म्हणजे डावातून काढलेल्या वाट्याची. पोळ्याच्या फडावर जागावाला नाल काढतो, तशीच कॅसिनो प्रत्येक डावातून काढतो. तिथं तिला रेक म्हणतात. समजा रेक ५ टक्के आहे. मधे ३०० रुपये आहेत, समोरच्यानं १०० टाकले, झाले ४००. तुमच्याकडे बदामाचे चार पत्ते आहेत, पाचवा हवा आणि एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९, म्हणजे पाचांत एकाला जरा कमी. तुम्ही १०० टाकून ५०० साठी खेळताय, बरोबरीला पाचांत एक लागतो. सौदा जवळजवळ बरोबरीचा वाटतो. पण जिंकलात तरी त्या ५०० मधून २५ नालेत जाणार, हाती ४७५. असे डाव रात्रभर खेळलात तर हळूहळू खिसा रिकामा होतो.

टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. प्रत्येक डावातून शंभर रुपये गेले तरी तासाला अडीच-तीन हजार टेबलावरून उठतात, आणि ते खेळणाऱ्यांच्याच खिशातले असतात. चांगला खेळाडू दीर्घकाळात जिंकतो हे खरं आहे, मी पाहिलंय. पण त्याला नालेपेक्षाही जास्त चांगलं असावं लागतं.

डीलर हातचलाखी करत असेल तर? (घाटंजी)

आमच्या कॅसिनोत पत्त्यांचा नवा कॅट आला की तो सुलटा पसरून सगळ्यांना दाखवायचा, मग उपडा करून दोन्ही हातांनी टेबलावर घोळायचा, पिसायचा, काटायचा आणि तळाशी प्लास्टिकचा पत्ता लावायचा. फ्लॉपच्या आधी वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला ठेवायचा, म्हणजे तो कुणी चोरून पाहिला असला तरी कामाचा राहत नाही. टर्न आणि रिव्हरलाही तेच. टेबल सोडताना टाळी वाजवून तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे. एवढं सगळं झोपडीतल्या फडावर कोण करतं?

मोबाइलवरचं पोकर बंद झालं, पण एक जण टेलिग्रामवरून लिंक देतो. खेळू का? (केळापूर)

नको. २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते बुद्धीचे असोत की नशिबाचे. शिक्षा चालवणाऱ्याला आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. पण तुमचे पैसे त्याच्या खात्यात अडकले तर परत कोण देणार?

मागच्या पोळ्याच्या रात्री मालक पत्त्यात ऐंशी हजार हरले. जिंकणारा म्हणतो, कोऱ्या स्टॅम्पवर सही दे, नाहीतर कापसाचा चुकारा माझा. सातबाऱ्यावर दोन एकरच आहेत. काय करू? (एक बहीण)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कोऱ्या कागदावर कुणाचीही सही होऊ देऊ नका. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३० सांगतो की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि जिंकलेले पैसे वसूल करायला कोर्टात दावा चालत नाही. म्हणूनच त्याला स्टॅम्प हवाय. एकदा ‘हातउसने घेतले’ असं लिहिलं गेलं की ते पत्त्यातले पैसे होते हे सिद्ध करण्याची कसरत तुमच्या माथी येते.

सही आधीच झाली असेल तर त्या रात्री कोण कोण बसले होते ते आजच लिहून ठेवा. तो धमकावत असेल तर पोलिसांत लेखी द्या आणि पोच घ्या. तो विनापरवाना व्याजानंही पैसे देत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात, सावकारीची तक्रार करता येते. आणि तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. जाताना सातबारा आणि कापसाच्या पावत्या सोबत न्या, आणि मालकांनाही न्या. त्या रात्रीचं त्यांनाच सांगावं लागेल.