तळपाय गार लागतात

प्रश्न : बाळ नऊ दिवसांचं, वजन 2.1 किलो. पोट कोमट, पण तळपाय गार लागतात. सासूबाई शेगडीचा शेक द्या म्हणतात. देऊ का?

उत्तर : शेगडी नको, ताई, धूर बाळाला बाधतो, भाजण्याचीही भीती. गार तळपाय म्हणजे बाळ ऊब टिकवायला झगडतंय. नवजात बाळ कुडकुडत नाही. ते मानेजवळची, पाठीवरची तपकिरी चरबी जाळून ऊब मिळवतं, आणि कमी वजनाच्या बाळात ती थोडीच असते. लंगोट, टोपी, मोजे एवढंच ठेवून त्याला तुमच्या उघड्या छातीवर उभं धरा, वरून शाल. नाक मोकळं राहू द्या. तासाभराने काखेत थर्मामीटर लावा : 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस हवं. दर दोन तासांनी पाजा. तेल-अंघोळ सध्या नकोच. पोटही गार लागलं, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा तापमान वाढतच नसेल, तर तसंच छातीशी धरून लगेच दवाखाना गाठा.