जुना कॉम्प्युटर विकताना फॉरमॅट मारलं की पुरतं का? आणि चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधले फोटो परत येतात का?

पहिलं एक काम करा आणि मग पुढचं वाचा. लग्नाचे फोटो असलेली ती हार्ड डिस्क आत्ता लावलेली असेल तर काढून कपाटात ठेवा. भावाला तिला हातही लावू देऊ नका.

तुम्ही निपाणीहून विचारलंय. वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर विकायचाय, त्यात गिऱ्हाइकांची आधार, पॅन, उतारे, पासबुकं स्कॅन करून पडलीत, आणि घेणारा म्हणतोय, "फॉरमॅट मारून द्या, झालं." दुसरीकडे धाकट्या भावाने एक टीबीची बाहेरून लावायची डिस्क फॉरमॅट केली, त्यात चार सिनेमे भरले, आणि मग तुम्हाला आठवलं की ताईच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. पहिल्याचं उत्तर 'पुरत नाही', दुसऱ्याचं 'बहुतेक येतील'. दोन्हीचं कारण एकच आहे.

माझं बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत रिपेरीचं दुकान आहे, सतरा-अठरा वर्षं झाली. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि टेबलावरचं जास्त सांगतो.

फाईल डिलीट केली म्हणजे काय होतं? उताऱ्यावरचं नाव खोडलं जातं. नाव खोडलं म्हणून शेतातला ऊस नाहीसा होत नाही, तो तिथंच उभा असतो. दुसऱ्या कुणी येऊन नांगर घातला की मगच तो जातो. पेनड्राइव्हवर फाईलींची नोंद ठेवायची जी जुनी फॅट पद्धत असते तिच्यात तर फाईलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून 'हे गेलं' अशी खूण करतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत त्या फाईलच्या नोंदीवर 'आता वापरात नाही' असा शिक्का बसतो. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनं दप्तर बाजूला सारून कोरी वही उघडणं. शेताकडे कुणी फिरकलेलंच नसतं. म्हणून एक टीबीची डिस्क पाच सेकंदांत फॉरमॅट होते. खरंच सगळं पुसायचं म्हटलं तर तेवढ्या डिस्कला दोन-तीन तास लागतात, कारण प्रत्येक जागेवर काहीतरी लिहावं लागतं.

आता तुमचे फोटो. खानापूरकडचा एक फोटोग्राफर पोरगा एकदा रात्री साडेनऊला शटर खाली ओढताना आला. मदतनिसाने लग्नाचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून त्यावर दुसऱ्या घरची हळद काढली होती. तोंड पांढरं पडलेलं. "अण्णा, नवरीचा बाप मला गावात ठेवायचा नाही." बसवलं त्याला, चहा सांगितला आणि फोटोरेक लावलं. हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते दप्तर बघतच नाही, थेट शेतातून फिरतं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या तीन बाइटांनी होते. ती खूण दिसली की तिथून पुढचा फोटो उचलायचा, एवढंच त्याचं काम. अर्ध्या तासाने फोल्डरमध्ये पहिला फोटो उघडला तो अक्षता पडतानाचा. त्या पोराने चहाचा कप तसाच खाली ठेवला होता, वर साय धरली होती. हळदीचे फोटो जिथं बसले तिथले जुने गेले ते गेलेच, बाकीचे आले.

तुमच्याकडेही तसंच होईल. चार सिनेम्यांनी आठ-दहा जीबी जागा खाल्ली असेल तर तेवढ्या जागेतलं जुनं कायमचं गेलं. ते नेमकं लग्नावर पडलं की कुणाच्या जुन्या गाण्यांवर, हे नशीब. दोन गोष्टींची तयारी ठेवा. फोटोंची नावं आणि फोल्डर राहत नाहीत, सगळं आकड्यांच्या नावाने ढिगात येतं. पण फोटोच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून लावून घेता येतं. आणि व्हिडिओची आशा थोडी कमी धरा. मोठी फाईल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असते आणि ते तुकडे जोडणं फोटोरेकला नीट जमत नाही.

करायचं कसं? दुसरा कॉम्प्युटर घ्या आणि सॉफ्टवेअर त्यावर टाका. निघालेले फोटो साठवायला तिसरी, रिकामी डिस्क हवी. ज्या डिस्कमधून काढताय तिच्यावरच काढलेलं साठवणारे लोक मी दर महिन्याला बघतो. विहिरीतला गाळ काढून काठावर टाकायचा आणि पावसाने तो परत आत, तशातला प्रकार. विंडोजने 'या डिस्कला फॉरमॅट करायचं का?' किंवा 'दुरुस्त करायचं का?' विचारलं तर नाही म्हणा. जमत असेल तर आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

हे सगळं डिस्क तब्येतीने ठणठणीत असेल तरच. लावल्यावर टक्... टक्... टक् असा घड्याळासारखा आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. ही अक्कल मला एका गिऱ्हाइकाच्या जिवावर आली. दुकान नवीन होतं, शहापूरच्या एका साडीवाल्याची हिशेबाची डिस्क आली, टकटक करत होती. मी रात्रभर स्कॅन लावून घरी गेलो. सकाळी आवाज बंद, आणि चकतीवर बारीक गोल चरा पडलेला. आतला वाचणारा काटा चकतीपासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असतो आणि चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते. काटा टेकला की प्रत्येक फेऱ्याला खरवडतो. पहिल्याच टकटकीला वीज काढली असती तर पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या धूळमुक्त खोलीत बहुतेक वाचलं असतं. साडीवाला काही बोलला नाही. अजून दिसला की मीच रस्ता बदलतो.

तसंच पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-घटप्रभेला पूर आला तेव्हा चिकोडीकडून तीन-चार डिस्का आल्या. एकाने तांदळात पुरून आणली होती, एकाने उन्हात वाळवून. वाळलं की पाणी जातं पण गाळ चकतीला चिकटून बसतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, चालू करून बघायची नाही, ओलसर असतानाच पिशवीत बंद करून जाणकाराकडे पाठवायची. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कुणी देईल, ऐकू नका. आतमध्ये दव धरतं.

गाळावरून आठवलं. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते १ फेब्रुवारी २००३ ला परतताना तुटलं. त्यातली एक साधी हार्ड डिस्क सहा महिन्यांनी एका कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली, बाहेरून जळून गेलेली. तज्ज्ञांनी चकत्या काढून, धुऊन, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती वाचली. म्हणून कुणी 'काही उपयोग नाही' म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. तितक्याच गांभीर्याने हेही लक्षात घ्या की आकाशातून पडूनही जे वाचतं ते तुमच्या 'फॉरमॅट मारलं'ने जाणार नाही.

आता दुकानाचा कॉम्प्युटर. एकदा मी भंगारवाल्याकडून स्पेअरसाठी किलोवर हार्ड डिस्का घेतल्या. चालतात का बघायला एक लावली तर आत कुणाच्या तरी ऑफिसातले लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, सह्यांचे स्कॅन. ती डिस्क 'फॉरमॅट केलेली' होती. पुसली आणि मगच वापरली, पण माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर? अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी हेच मुद्दाम करून बघितलं होतं. १५८ जुन्या डिस्का विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. हे २००३ साली छापून आलं. आपल्याकडच्या भंगारात याहून बरं चित्र असेल असं मला तरी वाटत नाही.

पुसायच्या आधी आतमध्ये डिस्क कुठली आहे ते बघा. फिरणारी चकती की एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपांवर साठवणारी? इथून पुढे दोन वाटा होतात.

चकतीवाली असेल तर सगळीकडे एकदा शून्य लिहायचं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढली की व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज हेच करतात. पण ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे तो असा फॉरमॅट होत नाही, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी लागते. तेही नको असेल तर 'रिसेट धिस पीसी'त 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि आतल्या सेटिंगमध्ये डेटा साफ करण्याचा पर्याय चालू करा. तो आपोआप चालू नसतो, तिथंच लोक फसतात. बऱ्याच जणांचं दुसरं पार्टिशन राहून जातं आणि सगळे स्कॅन नेमके डी ड्राइव्हवर असतात! रात्री लावून झोपा, आणि यूपीएसवर लावा. आपल्याकडची वीज तुम्हाला ठाऊक आहे.

कुणी सांगेल पस्तीस वेळा पुसायला लागतं. तो आकडा पीटर गटमन नावाच्या संशोधकाच्या १९९६ च्या लेखातला. तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या पद्धतींच्या डिस्कांसाठी मिळून ती यादी होती, आणि आताच्या डिस्कवर सगळे पस्तीस फेरे मारणं निरर्थक आहे असं पुढे त्यानेच लिहिलं. चालू चकतीला एक फेरा बस्स.

एसएसडीचं मात्र उलटं आहे. तिथं फाईल डिलीट केली की विंडोज ट्रिम नावाचा निरोप डिस्कला देते (विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून), आणि डिस्क सवडीने स्वतःच ती जागा साफ करते. मालकाच्या आधी चाकरानेच ऊस तोडून नेला म्हणा. टिळकवाडीतल्या एका वकीलबाईंनी लॅपटॉपमधलं फोल्डर चुकून उडवलं, दोन तासांत माझ्याकडे आल्या. फोटोरेक लावलं तर नुसते शून्य. माझ्या हातात काही नव्हतं. बाहेरून यूएसबीने लावलेल्या डिस्कला हा निरोप बरेचदा पोचत नाही, पण हल्लीच्या काही लहान चकतीवाल्या पोर्टेबल डिस्कांमध्येही ट्रिम आलंय. म्हणून तुम्हाला सुरुवातीलाच ती काढून ठेवा म्हटलं.

मग एसएसडी पुसायची गरज नाही का? आहे. ती लिहिण्याची जागा सारखी फिरवत असते आणि काही जागा राखीव ठेवते, तिथं बाहेरून शून्य लिहून पोचता येत नाही. त्यासाठी तिच्या स्वतःच्या आत 'सिक्युअर इरेज' हुकूम असतो. तो बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतो. नाही सापडला तर सगळ्या ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं माहिती कुलूपबंद करायचं साधन) लावून, ते पूर्ण होऊ देऊन, मग वरचा रिसेट मारा. किल्ली गेली की कुलूपबंद पेटीत काय उरलंय याला अर्थ राहत नाही. गेल्या काही वर्षांतल्या मोबाइलचा फॅक्टरी रिसेट याच तत्त्वावर चालतो, म्हणून फोन विकताना तेवढं पुरतं. मेमरी कार्ड मात्र वेगळं, ते काढून घ्या.

मला विचाराल तर डिस्क विकूच नका. त्या वयाच्या मशीनला डिस्कसह आणि डिस्कशिवाय असा किती फरक पडणार, पाचशे-सातशे? कॉम्प्युटर द्या, डिस्क काढून ठेवा. बिघडलेली आणि पुसताच न येणारी असेल तर चकतीतून ड्रिलने चार भोकं पाडा. लॅपटॉपच्या चकत्या बहुतेक काचेच्या असतात, फुटून उडतात, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा. एसएसडीच्या आतल्या काळ्या चिपा एकेक फोडायला लागतात, नुसता डबा वाकवून काही होत नाही. लोहचुंबक फिरवण्याचा तर तिच्यावर काडीचाही परिणाम नाही.

आणि क्रम चुकवू नका. आधी लग्नाचे फोटो काढा, आणि ते निघेपर्यंत दुकानातला कॉम्प्युटरही पुसू नका. ताईचे काही फोटो कधीतरी प्रिंट काढायला म्हणून त्यातही टाकलेले असतील. वडिलांना एकदा विचारा.

बाहेरच्या डिस्कच्या मागचा स्टिकर आणि दुकानातल्या मशीनचा मॉडेल नंबर इथं टाका. सिरियल नंबर झाकून. कुठली चकती आहे आणि ट्रिमवाली आहे का, ते बघून सांगतो.