यंदा आमचं घर नको

ताई, जय ख्रिस्त. मी मोहननगरला राहते, वय 46. ऑगस्टमध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सगळं कळतं, पण तोंडून 'हो' आणि 'अरे' एवढंच निघतं. दुकान तेव्हापासून बंद आहे. मी पहाटे चारला उठून प्रार्थना करते, शुक्रवारी उपास धरते, तरी हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही, नुसती धडधड होते. चर्चच्या मंडळीत मी कुणापुढे रडत नाही. हिचा विश्वास खचला असं कुणी म्हणायला नको. मुलगी नाताळात घरोघर गाणाऱ्या कॅरोल पार्टीत आहे. वीस वर्षं यांनीच त्यांच्यात ढोलकी वाजवली. यंदा आमचं घर नको, असं मी कळवून टाकलंय. धैर्य टिकावं म्हणून कोणती वचनं वाचू? की उपास वाढवू?
– एक भगिनी

जय ख्रिस्त, बाई.

उपास वाढवू नकोस. दिवसभर जड झालेल्या माणसाला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, आणि वर पोटात अन्न नाही. एक दिवस तूच न्हाणीत चक्कर येऊन पडशील. उपासाचं माझ्यापुरतं संपलं.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मात्र मी अडकले. तू ती येता-जाता लिहून टाकलीस, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तशी. यंदा आमचं घर नको.

म्हणजे नेमकं काय होणार, ते बघ. तुझी मुलगी डोक्याला स्कार्फ गुंडाळून, रात्री अकरा-बाराला, आपल्या नागपूरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत घरोघर गाणार. शेजारच्या फाटकात गाणार. मग सगळे तुझ्या दारावरून पुढे जाणार, तीही त्यांच्याबरोबर मान खाली घालून जाणार. आणि आत खाटेवर पडलेला तिचा बाप ढोलकी ऐकणार. कुणीतरी दुसरंच वाजवत असेल. जवळ येईल आणि लांब जाईल. वीस वर्षं त्या ढोलकीला ताव दिलेला माणूस तो! त्याला विचारलं होतंस? 'हो' तर म्हणता येतं ना त्याला?

मला राग आलाय, खरं सांगते. मंडळीतल्या बायका काय म्हणतील याचा धाक तुला आहे, ठीक. त्यातल्या दोघी-तिघी बोलतीलही. पण ज्याने काही ठरवलं नाही त्याचा नाताळ तू परस्पर रद्द केलास आणि त्याला धैर्य म्हणतेस. बाई, हे झाकपाक आहे.

वचन मागितलंस ना? तर प्रेषित पौलाचं घे, पण जे पाठ आहे ते नको. बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय काढ. पौल तुरुंगात आहे, आपला शेवट जवळ आलाय हे त्याला ठाऊक आहे. 'मी सुयुद्ध केलं' असं तो तिथे म्हणतो, ते आपण मयतीत, सभेत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर शंभरदा वाचतो. चार-सहा ओळी खाली गेलं की तोच माणूस लिहितो: त्रोवस गावात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना तो आण, पुस्तकंही आण. हिवाळ्याच्या आधी ये. अमका मला सोडून गेला, लूक तेवढा जवळ आहे. आपल्याला थंडी वाजते आणि आपण एकटे पडलोय, हे त्याने सरळ लिहून टाकलं. त्याचा विश्वास खचला असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. धरलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभूने तिघा शिष्यांना सांगितलं, माझा जीव अति खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं.

आता तुला माहीत नसावी अशी एक गोष्ट. झटक्याने उजवी बाजू आणि बोलणं जातं तेव्हा मार बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या अर्ध्याला लागलेला असतो. शब्द जुळवण्याचं काम मुख्यतः तिथलं. गाण्याचा भार बराचसा उजव्या बाजूवर असतो. म्हणून साधं 'पाणी दे' म्हणता न येणाऱ्यांपैकी कित्येकांना वर्षानुवर्षं पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. यावर आधारलेली उपचारपद्धतही आहे. फिजिओथेरपीबरोबर स्पीच थेरपी चालू आहे का? पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. नसेल तर डॉक्टरांना याच आठवड्यात विचार. तुझा नवरा गाईलच असं मी म्हणत नाही. गाणार नाही हे तू कशावरून ठरवलंस, एवढंच विचारतेय.

तर हे पत्र वाचून झालं की कॅरोलच्या यादीचं जो बघतो त्याला फोन लाव. आजच. आमचं घर पुन्हा घाला म्हण. त्याने 'भाऊ कसे आहेत?' विचारलं की 'बरे आहेत' म्हणून उडवून लावायचं नाही. सांग, 'झटका आलाय, बोलता येत नाही, मी थकलेय, आणि यांना फिजिओला न्यायला एक धडधाकट गडी हवाय.' हा तुझा झगा. रडू फुटलं तर फुटू दे, फोन ठेवू नकोस.

करंज्या-अनारशांच्या भानगडीत पडू नकोस, काळा चहा पुरे. खाट पुढच्या खोलीत आणून ठेव. यांना स्वेटर घाल, कानाला मफलर बांध, दार सताड उघडं राहणार आहे. आणि ढोलकी घरीच असेल ना? तिची पुडी सैल पडली असेल, कुणाकडून तरी कसून आण आणि यांच्या डाव्या हाताशी ठेव. डावा हात चांगला आहे त्यांचा.